उशिरा शिकणाऱ्यांचे विद्यापीठ : महर्षी कर्वे

धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेताच विधवाविवाह आणि हिंगण्याचा आश्रम डोळ्यांपुढे येतो. संसारात पडल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या स्त्रीसाठी विद्यापीठाचे दार उघडणारे कर्वे त्या मानाने विस्मृतीतच राहिले.

18 एप्रिल 1858 रोजी कोकणात जन्मलेल्या कर्व्यांचे स्वतःचे शिक्षण अडखळतच झाले. मुरुडहून साताऱ्यास शंभरांहून अधिक मैल पायी, पावसात घाट ओलांडून परीक्षेस गेलेला हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून परत पाठविला गेला. मॅट्रिक झाले ते 1881 साली, तेविसाव्या वर्षी. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाल्यावरही, उशीर झाला म्हणून शिक्षण संपत नाही, ही खूणगाठ त्यांच्या मनातून सुटली नाही.

घरातही तेच दिसत होते. 1893 साली त्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर, विशी उलटल्यावर शिकू लागल्या आणि 1918 साली इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे परक्या घरची कामे करून त्यांनी आपला अभ्यास चालविला!

जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आल्यावर कर्व्यांच्या मनातील विचाराला आकार आला आणि 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी केवळ एक विषय. पदवीचे नावही देशी, गृहीतागमा. सरकारी मान्यता नसल्याने ही पदवी नोकरीच्या बाजारात दुबळी ठरे. ज्यांना विद्येइतकीच भाकरीचीही निकड होती, त्यांच्या बाबतीत टीकाकारांचा हा आक्षेप खोटा नव्हता. कर्व्यांनी तो ऐकून घेतला, पण मार्ग बदलला नाही.

या विद्यापीठाची खरी थोरवी आणखी एका सवलतीत होती. महाविद्यालयात पाऊल न टाकता, घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा स्त्रियांना मिळाली. मुलेबाळे, सासर, सोवळेओवळे यांतून सुटका नसलेल्या स्त्रीला वसतिगृह कसले परवडणार? सराफ्यातल्या एखाद्या माजघरात दुपारची झाकपाक उरकून ग्रंथालयाचे पुस्तक उघडणाऱ्या गृहिणीला या सवलतीचे मोल निराळे सांगावयास नको.

1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास लाभले. एवढे झाल्यावर कोणीही विसावा घेतला असता. कर्वे सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका असे विद्यापीठासाठी हिंडले. 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ उभारले.

विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती 1951 साली, स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. ज्या मुंबई विद्यापीठाची चाकोरी कर्व्यांनी सोडली होती, त्यानेच 1957 साली त्यांना सन्मान्य पदवी अर्पण केली. पुढील वर्षी ते भारतरत्न झाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.