पाया घातला, छप्पर पाहिलं नाही

आजचं वाचन : करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 3, वचनं 10 ते 15



एकजण पाया घालतो, दुसरा त्यावर बांधतो आणि शेवटी प्रत्येकाचं काम अग्नी पारखतो, असं पौल आज सांगतो. हे वाचताना मला गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस आठवतात.

आमच्या हातकणंगल्यातून गोव्याची ट्रिप निघाली की जुन्या गोव्यात बॉम जीझसचं दर्शन होतंच. पण तिथून जवळच टेकडीवर असलेला संत मोनिकाचा मठ बहुतेक जण गाडीतूनच बघतात. तो या मेनेझिसांनी सुरू केला.

ते 1559 मध्ये लिस्बनच्या मोठ्या घराण्यात जन्मले आणि तरुणपणीच ऑगस्टीनियन संन्यासी झाले. 1595 मध्ये आर्चबिशप होऊन गोव्यात आले. तेव्हा इथे संन्याशांचे मठ बरेच होते, पण एखाद्या बाईला व्रतस्थ व्हायचं असेल तर जागाच नव्हती. मेनेझिसांनी आधी अनाथ मुलींसाठी आश्रयघर काढलं आणि 1606 मध्ये मठाचा पाया घातला. त्याला नाव दिलं संत ऑगस्टीनच्या आईचं. पहिल्या धर्मभगिनींमध्ये एक विधवा आणि तिची मुलगी होती.

शहरातल्या कारभाऱ्यांना हे आवडलं नाही. मुलींबरोबर हुंड्याचा पैसा आणि जमिनीही मठात जातात, अशा तक्रारी पार राजापर्यंत गेल्या. तरी काम थांबलं नाही. मेनेझिस मात्र काही वर्षांत पोर्तुगालला परतले आणि 1617 मध्ये माद्रिदला वारले. मठ पुरा झाला 1627 मध्ये. 1636 मध्ये त्याला भीषण आग लागली. तो पुन्हा बांधला गेला, आणि आजही उभा आहे.

पण त्यांची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 1599 मध्ये केरळात उदयंपेरूरच्या धर्मसभेनंतर त्यांच्याच हुकमाने तिथल्या ख्रिस्ती लोकांचे सुरियानी ग्रंथ जाळले गेले. ती जखम अजून पुरती भरलेली नाही. एकाच माणसाच्या हातून सोनंही रचलं गेलं आणि गवतही. पौल नेमकं हेच म्हणतोय, नाही का? पारख माणसाच्या पदाची होत नाही, कामाची होते.

या मठातली शेवटची धर्मभगिनी 1885 मध्ये वारली. दार कायमचं बंद झालं असंच वाटलं असेल. पण 1964 पासून तिथे मातेर देई संस्था आहे आणि वेगवेगळ्या संघांच्या धर्मभगिनी तिथे शिकतात. मेनेझिसांनी याचा विचारही केला नसेल.

मी सॉफ्टवेअरवाला. आज लिहिलेला कोड उद्या दुसराच कुणी चालवणार, हे आमच्यात रोजचंच. तुमचंही काही अर्धवट असेल. ते पूर्ण होताना तुम्ही तिथे नसाल, तरी आजची वीट नीट बसवा.

हे प्रभो, आमच्या हातचं गवत जळून जाऊ दे आणि तुझ्यासाठी रचलेलं तेवढं टिकू दे. आमेन.