क्षमा केली, पण विसरल्या नाहीत : लक्ष्मीबाई टिळक

आजचं वाचन : कलस्सैकरांस पत्र ३:१२-१७



आजच्या या सहा वचनांत पौल तीन गोष्टी एकापाठोपाठ सांगतो. एकमेकांना क्षमा करा, ख्रिस्ताची शांती तुमच्या मनावर राज्य करो, आणि कृतज्ञ असा. वाचायला सोपं आहे. पण ज्या माणसाने आपलं घरच मोडलं, त्याला क्षमा कशी करायची? आज एका बाईचं आयुष्य बघू. तिची गोष्ट आपल्या जंगलाच्या अगदी शेजारून जाते.

गडचिरोलीत कोरचीच्या पलीकडे छत्तीसगडची हद्द लागते. राजनांदगाव तिकडेच. नारायण वामन टिळक नागपूरहून तिथे नोकरीला निघाले होते. आगगाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार दिला. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायातलं डोंगरावरील प्रवचन टिळकांनी वाचलं आणि ते त्यातून बाहेर पडलेच नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांची साक्ष म्हणून ही गोष्ट आपण मंडळीत ऐकतो. पण त्याच दिवशी त्यांच्या घरी काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, मनू. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचं असं वेड लागलं, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अशा घरात वाढलेली ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांची बायको झाली. नवरा प्रेमळ होता, पण तापट आणि लहरी. न सांगता घरातून निघून जायचा, हातात आलेला पैसा कुणालाही देऊन टाकायचा. आणि शेवटी तर धर्मच बदलला.

नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही! त्या काळच्या ब्राह्मण बाईसाठी हे किती भयंकर होतं, याचा विचार करा. पदरात लहानगा दत्तू. बहिणीने आणि नातेवाइकांनी आधार दिला. पुढची जवळपास पाच वर्षं नवराबायको बहुतेक लांबच राहिले. टिळकांची पत्रं येत राहिली.

मग लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या. पण लगेच सगळं जुळलं असं नाही हं! आपलं सोवळं, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. टिळकांनी धर्माची जबरदस्ती केली नाही, ते थांबले. हळूहळू लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. जातपात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचं त्यांना सापडलं. लहानपणापासून मनात बसलेली विटाळाची भीती सुटली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास छप्पनचा दुष्काळ पडला होता. अनाथ झालेली पोरं टिळकांच्या घरात आली आणि कुणाच्या सावलीलाही घाबरणाऱ्या घरातली ही लेक त्यांची आई झाली. पुढे बालकवी ठोंबरेही त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले.

१९१९ मध्ये टिळक गेले. नंतर लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिलेली. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं आणि आजही मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात.

मित्रांनो, आजचा मुद्दा या पुस्तकातच आहे. लक्ष्मीबाईंनी काहीही लपवलं नाही. टिळकांचा राग, त्यांचं विसरणं, घरात दाणा नसताना त्यांचा दानशूरपणा, ताटातुटीचं दुःख, सगळं लिहिलं. पण त्यात विष नाही. वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता डोळे भरतात. ज्या नातेवाइकांनी वाईट दिवसांत सांभाळलं, त्यांचे उपकारही त्या विसरल्या नाहीत. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनी हाती घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय स्वतः रचले. १९३६ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

क्षमा म्हणजे विसरणं, असं आपल्याला वाटतं. मग विसरता येत नाही म्हणून आपण स्वतःलाच दोष देतो. लक्ष्मीबाईंकडे बघा. त्यांना सगळं आठवत होतं, पण त्या आठवणीने आता टोचणं सोडलं होतं. खरं काय झालं ते पूर्ण सांगता येणं, आणि तरी त्या माणसाचं भलं चिंतता येणं, ही क्षमा. ती एका रात्रीत झाली नाही. त्यांनी वेळ घेतला, अंतर ठेवलं आणि मन तयार झालं तेव्हा पाऊल टाकलं. कुणी अजूनही तुम्हाला दुखावत असेल, तर लांब राहणं म्हणजे क्षमा नाकारणं नव्हे.

आणि क्रम बघा. क्षमेच्या मागून शांती आली, शांतीच्या मागून कृतज्ञता. पौलाच्या पत्रातही हाच क्रम आहे.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी चंद्रपूर-गडचिरोलीहून पुण्या-मुंबईला गेलेले तुम्ही कितीतरी जण हे वाचता. घरच्या कुणाचा नंबर ब्लॉक केलेला असेल. आज लगेच फोन करा असं मी म्हणत नाही. फक्त एक कागद घ्या. त्या माणसाने काय दुखावलं ते खरं खरं लिहा. आणि त्याच कागदावर, त्याच माणसाकडून मिळालेली एक चांगली गोष्टही लिहा. मग तो कागद समोर ठेवून प्रार्थना करा.

प्रार्थना : प्रभू येशू, आमच्या आठवणी तुला ठाऊक आहेत. त्यातलं विष काढून घे. आम्हाला घाई नको, पण थांबून राहणंही नको. तुझी शांती आमच्या मनावर राज्य करो. आमेन.