विश्लेषण : न पोहोचलेल्या नियुक्तीपत्राने न्यायालयाला कायदे रद्द करण्याचा अधिकार कसा मिळवून दिला? कोण होते जॉन मार्शल?

संसदेचा कायदा न्यायालय रद्द करू शकते, हे भारतीय वाचकाला नवे नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्येच मूलभूत हक्कांच्या विरोधातील कायदे शून्यवत ठरवले आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र हा अधिकार स्पष्ट शब्दांत कुठेही नाही. तो १८०३ मध्ये एका किरकोळ वाटणाऱ्या खटल्यातून प्रस्थापित झाला. त्या खटल्याचे मूळ निकाल देणाऱ्या सरन्यायाधीशांच्याच कारभारात होते.

सैनिक ते सरन्यायाधीश

जॉन मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनियात झाला. १५ भावंडांत ते थोरले. स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्जच्या छावणीतील उपासमारीचा हिवाळा त्यांनी काढला. राज्यांच्या मर्जीवर चालणारे दुबळे केंद्र सैन्यही धड पोसू शकत नाही, हे त्यांनी तिथे पाहिले. कायद्याचे औपचारिक शिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे. तरी वकिली उत्तम चालली. अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी १८०० मध्ये त्यांना परराष्ट्रमंत्री केले.

त्याच वर्षी अ‍ॅडम्स निवडणूक हरले. पद सोडण्यापूर्वी त्यांनी मार्शल यांना सरन्यायाधीश नेमले आणि अखेरच्या दिवसांत आपल्या पक्षाच्या लोकांना भराभर न्यायाधीशपदे दिली. महिनाभर मार्शल दोन्ही पदांवर होते. नियुक्तीपत्रांवर सरकारी शिक्का मारणे आणि ती पोहोचवणे हे परराष्ट्रमंत्र्यांचे काम. शिक्के बसले, पण काही पत्रे पोहोचलीच नाहीत. त्यांत विल्यम मारबरी यांचे पत्र होते.

खटल्यातील पेच काय होता?

नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन (हे मार्शल यांचे नातलग आणि कट्टर विरोधकही) यांनी ही पत्रे अडवली. मारबरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना पत्र देण्याचा आदेश मागितला. आदेश दिला, तर सरकार तो धुडकावणार हे दिसत होते. न्यायालयाकडे ना फौज ना तिजोरी, स्वतःची इमारतही नव्हती. नाकारला, तर न्यायालय घाबरले असा अर्थ निघाला असता.

मार्शल यांनी तिसरी वाट काढली. पत्रावर मारबरी यांचा हक्क आहे, सरकारचे वागणे बेकायदा आहे, असे त्यांनी ठरवले. मात्र असा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात चालवण्याची मुभा देणारे १७८९ च्या कायद्यातील कलमच घटनाविरोधी असल्याने ते रद्द केले. मारबरी यांना पद मिळाले नाही. जेफरसन यांच्याकडे मोडण्यासारखा आदेशच उरला नाही. न्यायालयाने छोटा अधिकार सोडून मोठा मिळवला. ज्या प्रकरणात स्वतःचा हात होता, त्यातून मार्शल बाजूला का झाले नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे.

केंद्र मोठे की राज्य?

१८१८ मध्ये मेरीलँड राज्याने केंद्राच्या बँकेवर कर लादला. बाल्टिमोर शाखेचे रोखपाल मॅकुलक यांनी तो भरला नाही. घटनेत बँक हा शब्दच नाही, असे राज्याचे म्हणणे. मार्शल यांनी निकाल दिला, की दिलेली कामे पार पाडण्यासाठी लागणारी योग्य साधने केंद्राला वापरता येतात; आणि कर लावून केंद्राची संस्था बुडवण्याची सोय राज्याला देता येणार नाही. १८२४ मध्ये न्यूयॉर्कने दिलेली वाफेच्या बोटींची मक्तेदारीही त्यांनी मोडली, कारण राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन केंद्राकडे होते.

शब्दाची ताकद कुठे संपली?

१८३२ मध्ये चेरोकी जमातीच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल मार्शल यांनी दिला. राज्याने तो जुमानला नाही आणि अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी बळ लावले नाही. गुलामगिरीबाबत तर मार्शल यांचे न्यायालय बहुधा मालकांच्याच बाजूचे राहिले. ते स्वतःही गुलामांचे मालक होते. ३४ वर्षे सरन्यायाधीश राहून ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी लष्कराने चेरोकींना त्यांच्या भूमीतून हुसकावले.