उंच इमारतीत ओसरी नेणारे चार्ल्स कोरिया



वैशाखातल्या दुपारी यवतमाळात स्लॅबच्या खोलीत बसवत नाही, पण जुन्या कवेलूच्या घराच्या ओसरीत बसता येते, हे आपणांस ठाऊकच आहे. हीच ओसरी मुंबईच्या अठ्ठावीस मजली इमारतीत नेणाऱ्या वास्तुविशारदाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस झाला. घराणे मूळ गोव्याचे. बालपणी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ कसे मांडावेत याचे नकाशे काढण्याचा त्यांना नाद होता. (वहीत चित्रे काढणाऱ्या मुलांवर रागावणाऱ्या पालकांनी हे अवश्य वाचावे!) मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज, नंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ व एम.आय.टी. येथे शिकून १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला.

अहमदाबादचा उन्हाळा आपल्यासारखाच कोरडा. तेथे १९६१-६२ च्या सुमारास त्यांनी एक अरुंद, लांबट घर बांधले. तापलेली हवा उतरत्या छपराच्या आतून वर चढे, माथ्यावरून बाहेर पडे आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाई. यासाठी वीज लागत नसे.

मुंबईचा प्रश्न निराळा. हवा दमट, वारा खेळल्याखेरीज घाम वाळत नाही. समुद्राच्या वाऱ्यासाठी घराचे तोंड पूर्व-पश्चिम हवे, पण कडक ऊन आणि झोडपणारा पाऊसही त्याच बाजूंनी येतो. जुन्या बंगल्यांना भोवताली व्हरांडा असे तो यासाठीच. कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ ही सुमारे ८४ मीटर उंचीची इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातील घरांना कोरियांनी कोपऱ्यात दोन मजले उंचीची, झाडे लावता येतील अशी गच्ची दिली. ऊन-पाऊस तेथेच अडतो. वारा सावलीतून आत येतो व आरपार जातो. काचेने मढविलेल्या इमारतीत याच्या उलट घडते. ऊन आत शिरते, उष्णता कोंडते आणि ती बाहेर काढण्यास दिवसभर यंत्र चालवावे लागते. अशा इमारतीलाच आधुनिक म्हणावे, हे मला पटत नाही.

मात्र कांचनजंगात घरे अवघी ३२, आणि तीही श्रीमंतांची. सामान्य माणसासाठी उंच मनोरे कोरियांना मान्य नव्हते. नवी मुंबईची कल्पना १९६४-६५ मध्ये प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनीच मांडली होती. तेथे बेलापूरला त्यांनी ठेंगणी घरे उभारली; सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण. त्यांना २००६ साली पद्मविभूषण मिळाले. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बेलापूरच्या रहिवाशांनी पुढे ऐपतीप्रमाणे आपली घरे वाढविली; तशी सोय कोरियांनी मूळ आराखड्यातच ठेवली होती.