माहितीचा खजिना खुला करणारे धनंजयराव

दुधनी (प्रतिनिधी) : महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. सोलापूर-कलबुर्गी लोहमार्गावरच्या या गावात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा नित्य कानी पडतात. तुरीच्या हंगामात येथील बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, सौदे होतात, भाव ठरतात. शेतकऱ्याच्या मालाला मिळणाऱ्या किमतीतला किती वाटा मधल्यामध्ये जातो, पेरणीसाठी त्याला कर्ज कोण देतो, त्या कर्जाचे पुढे काय होते, हे प्रश्न या आवारात नवे नाहीत. परंतु अशा प्रश्नांची उत्तरे अंदाजाने न देता माणसामाणसाला विचारून, मोजून, नोंदवून द्यावीत, ही शिस्त महाराष्ट्रात ज्यांनी रुजवली, त्यांत प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

गाडगीळांनी पुण्यातील ज्या संस्थेची उभारणी केली, त्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. या ग्रंथालयाने आपल्याकडील दुर्मीळ ग्रंथ, जुने सरकारी अहवाल आणि संस्थेची प्रकाशने संगणकीय रूपात आणून सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. एकेकाळी ज्या पुस्तकासाठी दुधनीच्या विद्यार्थ्याला रात्रीची गाडी पकडून पुणे गाठावे लागले असते, ते आता घरबसल्या वाचता येऊ शकते. या खुल्या भांडाराचे मोल समजून घ्यायचे, तर ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयातून ते उभे राहिले, त्यांचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरेल.

नागपूर ते केंब्रिज

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण नागपुरात गेले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला. हस्तव्यवसायांचा ऱ्हास, शेतीवर वाढत गेलेला भार आणि नव्या कारखानदारीची संथ वाटचाल यांचा त्यात साधार मागोवा होता. हा प्रबंध १९२४ मध्ये ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला. लेखक तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचा होता. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला. विद्यापीठाच्या कपाटात प्रबंध पडून राहणे आणि तो वाचकांच्या हाती जाणे, यातील अंतर गाडगीळांनी ऐन तारुण्यातच अनुभवले होते.

मायदेशी परतल्यावर १९२५ ते १९३० या काळात ते सुरतच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले.

ग्रंथालयाच्या सोबतीने संस्था

साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे हे गाडगीळांचे सासरे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या संशोधनाची संस्था निघावी, यासाठी त्यांनी गोखल्यांच्याच भारत सेवक समाजाला देणगी दिली. त्यातून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले संस्था सुरू झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, ते त्या पदावर राहिले.

संस्थेला आरंभीच एक मोठे वैभव लाभले होते. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हापासून समाजाचे ग्रंथालय वाढत होते. विधिमंडळांची कामकाजवृत्ते, जनगणनेचे अहवाल, अंदाजपत्रके, आयोगांची इतिवृत्ते असा ऐवज तेथे साठत गेला. सार्वजनिक कार्यकर्त्याने बोलण्यापूर्वी माहिती मिळवली पाहिजे, हा गोखल्यांचा कटाक्ष त्या संग्रहामागे होता. संशोधन संस्था आणि ग्रंथालय एकाच आवारात नांदू लागले, हे गाडगीळांच्या दृष्टीने मोठे बळ होते. छापील कागदात काय आहे ते आधी पाहायचे आणि जे नाही ते गावोगाव जाऊन गोळा करायचे, अशी संस्थेची कार्यपद्धती ठरून गेली.

दारोदार फिरणारे अर्थशास्त्र

त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे प्रामुख्याने ग्रंथांतील सिद्धान्तांची चर्चा, असा समज होता. गाडगीळांनी त्याला क्षेत्रपाहणीची जोड दिली. पुण्यातील फळबाजाराच्या विक्रीव्यवस्थेवरील पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. माल शेतातून निघून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जातो आणि प्रत्येक हात किती राखून घेतो, असा तिचा विषय होता. पुढे १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी आली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये, तर दुसरा १९५२ मध्ये प्रकाशित झाला. वि. म. दांडेकर यांच्यासमवेत सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा जो अभ्यास त्यांनी केला, तो १९५५ मध्ये बाहेर आला. शाळा मध्येच सुटलेली मुले काही वर्षांत पुन्हा निरक्षर कशी होतात, या दुखऱ्या प्रश्नावर त्याने बोट ठेवले.

सोलापूरकरांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची बाब अशी, की गिरण्या आणि हातमाग यांवर जगणाऱ्या या शहराचाही संस्थेने सविस्तर अभ्यास केला. ‘शोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज’ हा गाडगीळांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या कापड गिरण्या पुढे एकामागोमाग बंद पडल्या. ते शहर भरात असताना कसे जगत होते, हे आज जाणून घ्यायचे तर अशा पाहण्यांवाचून गत्यंतर नाही.

संशोधन करून थांबायचे नाही, ते छापायचे, असा संस्थेचा दंडक होता. रावबहादूर काळे यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिची व्याख्याने पुस्तिकारूपाने निघू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३९ मध्ये याच मालेत संघराज्याच्या प्रश्नावर दिलेले व्याख्यान प्रसिद्ध आहे. १९५९ पासून संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ हे नियतकालिक निघू लागले.

सावकाराच्या वहीपासून बँकेपर्यंत

गाडगीळांची माहिती केवळ कपाटासाठी नव्हती. शेती कर्जपुरवठ्याचा विचार करणाऱ्या त्यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९४५ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. तिच्या मार्गदर्शन समितीवर अ. दि. गोरवाला यांच्याबरोबर गाडगीळही होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे या पाहणीत समाविष्ट होती. १९५४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने सर्वांना हादरवले. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता, तर सावकारांचा जवळपास सत्तर टक्के. या अहवालाच्या आधारे इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली.

कागदावरची शिफारस प्रत्यक्षात कशी उतरते, हेही त्यांनी दाखवून दिले. अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी परिसरातील शेतकऱ्यांना एकत्र आणून विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. हा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. केंब्रिजचा पदवीधर आणि मातीत वाढलेला शेतकरी यांच्या या सहयोगातून महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची आर्थिक बाजू मांडण्यातही त्यांचा मोलाचा वाटा होता.

नियम सर्वांना ठाऊक असावेत

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद १९६६ मध्ये त्यांच्याकडे आले. त्यानंतर वर्षभरातच, सप्टेंबर १९६७ मध्ये, ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. केंद्राची योजना-मदत राज्यांना कोणत्या निकषावर मिळते, याविषयी तेव्हा मोठा असंतोष होता. १९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केलेले वाटपाचे सूत्र ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून ओळखले जाते. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर या राज्यांची गरज आधी वेगळी काढायची आणि उरलेल्या मदतीपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटायची, असे ते सूत्र होते. उर्वरित ४० टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी या चार बाबींसाठी प्रत्येकी १० टक्के असे विभागले होते. हे सूत्र निर्दोष होते असे नाही. पुढे ते अनेकदा बदलले गेले. मात्र मर्जीच्या जागी सर्वांना पडताळून पाहता येईल असा नियम आला, हे त्याचे खरे महत्त्व.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हा घटक धरून काम करावे, अशी शिफारस केली. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. आज प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक आहे, त्याचे मूळ येथे आहे. विकासाचा विचार जिल्ह्यापासून, तेथील प्रत्यक्ष माहितीपासून सुरू व्हावा, हे त्यांचे आयुष्यभराचे सूत्र त्यात होते.

१९७१ मध्ये त्यांनी नियोजन आयोगाचे पद सोडले. दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र.

भांडाराची दारे उघडली

गोखले संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या ग्रंथालयाने खुल्या भांडारासाठी ‘डीस्पेस’ ही संगणकप्रणाली वापरली. अमेरिकेतील एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड कंपनी यांनी ती २००२ मध्ये विद्यापीठांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिली होती. ज्ञान सर्वांना मोफत वाचता यावे, अशी हाक देणारा बुडापेस्टचा जाहीरनामाही त्याच वर्षीचा.

असे भांडार म्हणजे नुसती पानांची छायाचित्रे नव्हेत. जीर्ण पाने न फाटता एकेक करून स्कॅन करावी लागतात. प्रत्येक पुस्तकाचे लेखक, साल, विषय यांची काटेकोर नोंद करावी लागते. नोंद चुकली तर पुस्तक असूनही सापडत नाही. त्याचा पत्ता कायम राहील आणि मूळ फाइलच्या प्रती सुरक्षित राहतील, याची तजवीज करावी लागते. स्वामित्वहक्काचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. त्या हिशेबाने स्वतः गाडगीळांचे लेखन १ जानेवारी २०३२ रोजी बंधमुक्त होईल. त्याआधीही हक्कधारकाने संमती दिली तर पुस्तक खुले करता येते. म्हणूनच संस्थांनी स्वतःच्या प्रकाशनांबाबत दाखवलेले औदार्य महत्त्वाचे ठरते.

याच वाटेने पुढे सारी विद्यापीठे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ हे राष्ट्रीय भांडार वाढू लागले. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करते. तेथील संशोधकांपुढेही हाच मार्ग आहे. जिल्ह्यावर लिहिलेला प्रबंध जिल्ह्यातील माणसाला वाचता आला पाहिजे.

अजून एक पाऊल

गाडगीळांच्या पाहणी करणाऱ्यांनी विणकराला त्याची मजुरी विचारली, शेतकऱ्याला त्याचे कर्ज विचारले. लोकांनी दिलेली ती माहिती अहवाल होऊन पुण्याच्या कपाटात गेली. ती ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्या नातवंडांपर्यंत परत पोहोचण्याची सोय आता झाली आहे. मात्र दार उघडले म्हणजे पाहुणा आत आला, असे होत नाही. यातील बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. दुधनीसारख्या गावातील विद्यार्थी मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकतो. त्याला या भांडाराचा पत्ता सांगणारा शिक्षक आणि त्यातील मजकूर त्याच्या भाषेत उलगडून देणारा ग्रंथपाल हवा. गावच्या वाचनालयात एक संगणक आणि असा एक माणूस मिळाला, तर बाजार समितीच्या आवारातल्या प्रश्नांची नवी पाहणी करणारा एखादा अभ्यासक याच मातीतून उभा राहू शकेल. धनंजयरावांचे खरे स्मारक तेच ठरेल.