हिरवळ आणि सुगरणीचे घरटे

सातारा-सांगलीच्या नव्या वसाहतींतून बंगल्यापुढे हिरवळ असणे हे आता प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. या हिरवळीवर पक्षी सुखाने नांदतील, अशी अनेक घरधन्यांची समजूत असते. तिची पारख करावयाची तर डॉ. सलीम अली यांच्या चरित्राकडे वळावे. या थोर पक्षिशास्त्रज्ञाला आपला एक महत्त्वाचा शोध लागला तो घनदाट अरण्यात नव्हे, घराशेजारी.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेले सलीम बालपणीच आईवडिलांना पारखे झाले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारावयास मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला आणि शिकारी पोराला अभ्यासाची गोडी लागली.

बर्लिनमध्ये स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून 1930 मध्ये ते परतले, तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते तासन् तास घरट्यांपाशी बसून राहिले. नर अर्धे घरटे विणतो. मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेऊन दुसरी मादी मिळवितो, हे त्यांनी 1931 मध्ये मांडले. बेकारीचे इतके चीज क्वचितच कोणी केले असेल!

सुगरणीला विणण्यासाठी भात, ऊस वा उंच गवताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या लागतात, घरटे टांगण्यास विहिरीवर वा ओढ्यावर झुकलेली बाभूळ लागते आणि पिलांना किडे. कृष्णाकाठी हे सारे आहे. दर आठवड्यास कातरलेल्या, औषध फवारलेल्या हिरवळीत यातले काहीच नाही. साळुंकी तेथे येते, हुदहुद चोच खुपसून अळ्या काढतो, हे मान्य. पण ती चरण्याची जागा झाली, संसाराची नव्हे. औषध मारले की तेवढाही आधार जातो. शिवाय माण-खटाव आणि जत-आटपाडीचा दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यांत शोभेच्या गवताला पाणी पाजावे, हे प्रस्तुत लेखकास तरी रुचत नाही.

20 जून 1987 रोजी सलीम अली निवर्तले. रिप्ले यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा पक्षिग्रंथ विकत घेणे प्रत्येक शिक्षकास परवडणार नाही. कुंपणालगतचा दोन हातांचा पट्टा जूनपासून दिवाळीपर्यंत न कातरणे मात्र परवडेल. गवत निसवले की बियांसाठी मुनिया येतील. जवळ एखादे काटेरी झुडूप राखले, तर घरटेही बांधतील.