पायाला नोटिफिकेशन येत नाही तेव्हा: डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट

आज नवीन फोन नाही, नवीन ॲपही नाही. आज एका डॉक्टरची गोष्ट सांगणार आहे. पण काळजी नको, सेन्सर, अलार्म आणि लॅबमध्ये वाढवलेली त्वचा हे सगळं त्यात येणार आहे.

मी पनवेलला राहतो, दिवसभर कोड लिहितो. मागच्या वर्षी माझ्या काकांच्या तळपायाला जखम झाली. त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. नवीन चप्पल घालून वडाळे तलावाला फेऱ्या मारल्या, फोड आला, फुटला आणि काकांना पत्ताच नाही! काकूला फरशीवर डाग दिसला तेव्हा कळलं. मग फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड सुरू झाले. त्वचा पुन्हा उगवणारं जेल, लॅबमधली कातडी, स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स. घरात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे शोधून सांगायचं काम माझ्याकडे आलं. शोधता शोधता मी पोहोचलो पॉल ब्रँड या नावापाशी.

सुतारकाम शिकलेला सर्जन

ब्रँड यांचा जन्म 1914 सालचा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील ब्रिटिश मिशनरी. नऊ वर्षांचे असताना त्यांना शाळेसाठी इंग्लंडला पाठवलं. ते तिकडे असतानाच वडील इकडे मलेरियाच्या आजारात गेले. पॉल आधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले, डॉक्टरकी नंतर. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ते तिथे सर्जरी शिकत होते. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले.

तिथे त्यांची गाठ पडली कुष्ठरोगाशी. आमच्या पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे, त्यामुळे इथल्या लोकांना हा आजार ऐकून माहीत असतो. तेव्हा समज असा होता की या रोगात मांसच खराब होतं, म्हणून बोटं झडतात आणि जखमा भरत नाहीत. अशा हातापायांवर ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं.

बग दुसरीकडेच होता

ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या हातांमधले चांगले स्नायू शोधले, त्यांचे स्नायुबंध दुसरीकडे जोडले आणि बोटं पुन्हा हलायला लागली. ऑपरेशनच्या जखमाही नीट भरल्या. म्हणजे मांस चांगलं होतं!

मग बोटं जात कुठे होती? त्यांनी रुग्णांच्या दिवसभराच्या कामांवर लक्ष ठेवलं. कोणी गरम भांडं तसंच उचलत होतं, कोणी गंजलेली किल्ली इतक्या जोरात फिरवत होतं की बोट कापलं तरी कळत नव्हतं. काहींची बोटं रात्रीतून कमी व्हायची. पहारा ठेवल्यावर दिसलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. उपाय काय, तर मांजरी पाळल्या!

थोडक्यात, रोगाने नसा मारल्या होत्या. वेदना गेली, म्हणून रोजची साधी कामंच शरीर खात होती. पायाचंही तेच. जखमेवर माणूस चालतच राहायचा. ब्रँड यांनी असे पाय प्लास्टरमध्ये घातले, जखमेवरचा दाब काढला आणि जखमा भरायला लागल्या.

शूजमध्ये सेन्सर

1966 मध्ये ते अमेरिकेत, लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेहाच्या रुग्णांचे पायही तसेच बधिर होतात आणि जखमाही तशाच होतात. मग पावलाला आणि पोटरीला घट्ट बसणारं प्लास्टर मधुमेहींसाठीही वापरात आलं. यात वजन पूर्ण तळपायावर आणि पोटरीवर विभागलं जातं, त्यामुळे जखमेच्या एका ठिकाणी भार येत नाही. ही पद्धत त्यांच्या आधीपासून होती, पण तिचा अमेरिकेत प्रसार करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आता आपल्या आवडीचा भाग. त्यांनी इंजिनिअरांना सोबत घेऊन कृत्रिम वेदना बनवायचं ठरवलं. हातमोज्यात आणि बुटात दाब मोजणारे सेन्सर, आणि दाब वाढला की कानाशी बीप. लोकांनी बीपकडे दुर्लक्ष केलं. मग शरीराच्या जाणीव शाबूत असलेल्या भागावर विजेचा हलका झटका द्यायला सुरुवात केली. तर धोक्याचं काम करायचं असलं की लोक आधी यंत्रच बंद करायचे! वर सेन्सर महाग आणि सतत बिघडणारे. शेवटी प्रकल्प सोडून द्यावा लागला.

हे वाचून मी हसलो, आणि मग गप्प झालो. आपणही नोटिफिकेशन म्यूट करतोच की. खरी वेदना मात्र म्यूट होत नाही, म्हणूनच ती उपयोगी पडते.

मग जेलचं काय?

फॉरवर्डमधले उपचार सगळेच खोटे नाहीत. पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचं जेल मधुमेही पायाच्या जखमांसाठी अमेरिकेत 1997 मध्ये मंजूर झालं. 2000 मध्ये जिवंत पेशींपासून बनवलेल्या त्वचेलाही तशी मंजुरी मिळाली. पण हे उपचार म्हणजे मदतनीस. आधी जखम साफ हवी, संसर्ग आटोक्यात हवा, पायात रक्त पोहोचायला हवं आणि दाब काढलेला हवा. नव्या पेशी उगवतायत आणि त्यांच्यावर सत्तर किलोचा माणूस चालतोय, तर जेल काय करणार?

काकांच्या डॉक्टरांनीही जेलच्या आधी प्लास्टर सांगितलं. काका वैतागले, दोनदा काढून टाकायला निघाले. मी त्यांना उंदराची गोष्ट सांगितली. त्यानंतर प्लास्टर टिकलं. जखम भरायला अडीच महिने लागले, पण पाय वाचला.

ब्रँड 8 जुलै 2003 रोजी सिएटलमध्ये वारले. त्यांचं सेन्सरचं यंत्र चाललं नाही, पण त्यामागचा विचार आज प्रत्येक डायबेटिक फूट क्लिनिकमध्ये चालतो.

घरी कोणाला शुगर असेल तर एवढं करा: रोज रात्री त्यांचे तळपाय बघा. टॉर्च आपल्या फोनमध्ये आहेच. लाली, फोड, भेग दिसली किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसलं तरी डॉक्टरकडे न्या. दुखत नाही, म्हणूनच न्या. त्यांच्या पायाला नोटिफिकेशन येत नाही, ते तुम्हालाच द्यावं लागेल.